आवडत्या माणसाला शिकारीचा नाद असेल तर काय करावे

ज्या माणसावर आपला जीव जडू लागला आहे, तो शनिवारी रात्री मित्रांबरोबर माळावर ससे मारायला जातो, हे कळल्यावर काय करावे हे आपल्याला कोणीच शिकवलेले नसते. दारू, जुगार आणि उधारी यांविषयी घरातल्या मोठ्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलेले असते. शिकारीचा विषय मात्र ‘पुरुषांचे असते काहीतरी’ एवढ्यावर संपतो. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत या पेचात सापडलेल्या मुली मला भेटल्या आहेत, आणि त्यांतली एक मी स्वतः होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मला ते त्याच्या फोनमधून कळले. सात रस्त्याजवळ चहा पीत असताना तो गावाकडच्या यात्रेचे फोटो दाखवत होता आणि बोट सरकले तसा पुढचा फोटो आला. मोटारसायकलच्या हँडलला मागच्या पायांनी बांधलेला एक ससा होता. मागून उजेड पडल्यामुळे त्याच्या कानातली शीर न् शीर दिसत होती आणि तोंडाच्या कोपऱ्यात अर्धवट चावलेली गवताची काडी तशीच राहिली होती. “परवा पाडला, चांगला मोठा होता,” असे तो म्हणाला. मी “अच्छा” म्हटले आणि कप उचलला. त्यानंतर चार आठवडे मी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. तेवढ्या काळात माझे गप्प राहणे म्हणजे माझी संमती आहे असे त्याने धरले आणि एका रविवारी तो रश्श्याचा डबा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. म्हणून पहिली सूचना हीच की, मन खट्टू झाले आहे हे लवकर सांगा. लगेच भांडण काढण्याची गरज नसते. “हे बघून मला त्रास झाला, यावर आपण नीट बोलू,” एवढे एक वाक्य त्याच दिवशी बोलून ठेवले तरी पुढचा पेच पुष्कळ सैल होतो.

तो नेमके काय करतो, हे आधी समजून घ्या

‘शिकार’ या एका शब्दाखाली आपल्याकडे अनेक वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. कोणी छऱ्याच्या बंदुकीने तितर आणि होले मारतो. कोणी रात्री मोटारसायकलवर दोघे-तिघे जाऊन बॅटरीच्या उजेडात ससा धरतो. कोणाकडे कारवानी कुत्र्यांची जोडी असते आणि ती सशावर सोडली जाते. कोणी वाघर म्हणजे जाळे लावतो, कोणी तारेचे फासे. आणि एखाद्याच्या घरी पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक असते आणि त्याने आयुष्यात एकदाच रानडुकरावर बार काढलेला असतो.

हा शेवटचा माणूस वेगळा आहे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मका, भुईमूग किंवा ज्वारीचे उभे पीक एका रात्रीत आडवे झालेले ज्याने पाहिले आहे, त्याचा राग हा छंद नव्हे. त्याच्याशी बोलायचे असेल तर ते पिकाच्या नुकसानभरपाईविषयी, कुंपणाविषयी आणि परवानगीच्या रीतसर मार्गाविषयी बोलावे लागते. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीसाठी वनविभागाकडे अर्ज करता येतो, ही गोष्टही अनेक घरांत ठाऊक नसते. हा लेख त्याच्यासाठी नाही. पोट भरलेले असताना, शेत सुरक्षित असताना, केवळ मजा म्हणून जो जनावर मारतो, त्याच्याबद्दल मी लिहीत आहे.

तेव्हा प्रश्न विचारा, आणि विचारताना आवाजात न्यायाधीशाचा सूर येऊ देऊ नका. किती वर्षांपासून जातोस, कोणाबरोबर जातोस, काय काय मारले आहेस, मारलेल्याचे पुढे काय होते, विकले जाते का, हे साधे प्रश्न आहेत. विक्रीचा प्रश्न वगळू नका, कारण त्याच्या उत्तराने सगळे चित्र बदलते. बॅटरीवर ससा कसा धरतात, हेसुद्धा त्याच्याच तोंडून ऐका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकाएकी झोत पडला की ससा दिपतो आणि जागच्या जागी थिजतो. धावणे हे ज्याचे एकमेव शस्त्र, त्याचे तेवढेच काढून घेऊन मग त्याला मारायचे, असा तो प्रकार आहे. माझ्या मित्राने हे वर्णन करताना ‘हुशारी’ हा शब्द वापरला होता.

कायद्याची बाजू स्वतःसाठी माहीत करून घ्या

आपल्या देशात छंद म्हणून रानातल्या जनावरांची शिकार कायदेशीररीत्या करताच येत नाही, हे मनात पक्के असू द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने अनुसूचीत दिलेल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे. शिकारीची व्याख्याही मारण्यापुरती नाही. पकडणे, फासा लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे, हुसकावून नेणे, जखमी करणे, पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी काढणे, घरटे विस्कटणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सारे तिच्यात येते. छऱ्याची बंदूक परवान्याशिवाय मिळाली म्हणून तिने तितर मारायला मोकळीक मिळत नाही. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्या माळावरचे काळवीट, लांडगा, मोर आणि घोरपड हे सारे त्याच अनुसूचीत आहेत. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तरी त्यांनाही संरक्षण आहे आणि तिथे तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन सरकारजमा होऊ शकते. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला प्रतिकार मात्र गुन्हा ठरत नाही.

हे पाठ करून त्याच्या तोंडावर फेकू नका. धाकाने सुटलेली सवय पाठ फिरताच परत येते. कायदा माहीत असायला हवा तो तुमच्या स्वतःसाठी. तुम्ही त्या रात्री गाडीवर मागे बसलात, बॅटरी हातात धरलीत, किंवा तो डबा तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिला, तर प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. गुन्ह्याला साहाय्य करणे हाही या कायद्याखाली गुन्हाच आहे. फोनमधले फोटो पुरावा ठरू शकतात, आणि ते तुमच्या फोनवर पाठवलेले असतील तर तुमचा फोनही तपासला जाईल. मी तो डबा दारातूनच परत दिला. आई म्हणाली, “अगं, आणलंय तर घे, वाईट दिसतं.” पण तेवढे एक काम मी योग्य वेळी केले असे आजही वाटते.

सोलापूरच्या अनेक घरांतली मुले परदेशात असतात, म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जाते. तुमचा मित्र अमेरिकेत असेल आणि तिथे हरणाच्या शिकारीला जात असेल, तर हा कायद्याचा परिच्छेद त्याला लागू होत नाही. तिथे राज्याचा परवाना, ठरलेला हंगाम आणि किती जनावरे मारता येतील याची मर्यादा असते, आणि १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका व दारूगोळा यांवरचा कर राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. तिथे ‘हे बेकायदेशीर आहे’ असे म्हणता येत नाही, ‘हे मला सोसत नाही’ एवढेच म्हणता येते. पण दोन माणसांच्या नात्यात तेवढे कारण पुरेसे असते.

बोलायला बसाल तेव्हा

रिकाम्या पोटी, फोनवर आणि त्याच्या मित्रांसमोर हा विषय काढू नका. मित्रांसमोर काढलात तर तो तुमच्याशी बोलणार नाही, त्यांना ऐकवण्यासाठी बोलेल. स्वतःचे वाक्य आधी ठरवून जा. “तू क्रूर आहेस” असे म्हटले की तो स्वतःचा बचाव करू लागतो आणि ससा बाजूला राहतो. “तुझ्या हातात तो ससा पाहिल्यापासून तुझा हात हातात घेताना मला ते आठवते,” असे मी शेवटी म्हटले, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. खरे होते म्हणूनच ते लागले.

“तू मटण खातेस ना?” हा प्रश्न येणारच. तो टाळणारी व्यक्ती तिथेच वाद हरते, म्हणून त्यावर नीट विचार करून ठेवा. आमच्या घरी रविवारी मटण असते आणि मी ते खात होते. मी त्याला सांगितले की, होय, मी खाते, आणि ते खाताना एक जीव गेलेला असतो हेही मला मान्य आहे. पण बकरे कोणीतरी वाढवलेले असते, एक गेले तर दुसरे वाढवणारा कोणी तरी असतो. माळावरचा ससा कोणी वाढवत नाही, तो गेला की त्याची जागा भरण्याची जबाबदारी कोणावरच नसते. त्याच सशावर खोकड जगते, लांडगा जगतो, गरुड जगतो. आणि खाटीक आपल्या कामाचा उत्सव करीत नाही, कापलेल्या बकऱ्यासोबत फोटो काढून मित्रांना पाठवीत नाही. मला सलते ती मारण्यातली मौज. एवढे सांगूनही तुमच्या स्वतःच्या मनात मटणाविषयी प्रश्न उभा राहिला तर तो दाबू नका. माझ्या एका मैत्रिणीने या वादानंतर मांसाहार सोडला. मी सोडला नाही, पण तेव्हापासून ताटात काय आहे याकडे मी डोळे उघडे ठेवून पाहते. प्रामाणिक माणसाशी वाद घालताना आपणही थोडे बदलतो, त्याची भीती बाळगू नये.

दुसरा मुद्दा आजोबांचा असतो. “आमच्या आजोबांनी काळवीट मारले आहे, आमच्यात चालत आले आहे.” आजोबांचा अपमान करू नका. १९७२ पूर्वी शिकारीचे परवाने मिळत असत आणि तो काळही वेगळा होता. पण आजोबांचा माळ आज कुठे आहे, हे त्याला विचारा. सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या दोन जिल्ह्यांत पसरलेले माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते, पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. ज्या पक्ष्याच्या नावाने ते उभे राहिले तो माळढोक आता सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जवळजवळ दिसेनासा झाला आहे. हा पक्षी एका वेळी साधारण एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. गवताळ माळ नांगराखाली गेला, विजेच्या तारा आल्या आणि बंदुकीनेही आपला वाटा उचलला. आजोबा रानातून परतताना ‘पुढच्या वर्षी पुन्हा असतील’ असे मनाशी म्हणू शकत होते. त्यांच्या नातवाला ते म्हणता येत नाही, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

“आम्ही नाही मारले तरी पारधी मारणारच,” असेही कोणीतरी म्हणते. हे वाक्य मला अतिशय खुपते. एका अख्ख्या समाजाला इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवले, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला, आणि अशा जमातींना जिथे डांबून ठेवत त्या सोलापुरातल्या सेटलमेंट भागाच्या नावात त्या काळाची आठवण आजही शिल्लक आहे. पगारदार माणसाने शनिवारी रात्री पेट्रोल जाळून केलेल्या मौजेचे समर्थन त्या लोकांच्या नावावर टाकणे हा दुहेरी अन्याय आहे. असे म्हणणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवते, आणि तुम्हीही थांबवावे असे मला वाटते.

मोळीतली कोणती काडी त्याला धरून आहे, ते ओळखा

माझ्या अनुभवातून मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली गोष्ट आता सांगते. शिकारीचा नाद ही एक मोळी असते. तिच्यात नेम धरण्याचा आनंद असतो, घरापासून दूर मित्रांबरोबर काढलेली रात्र असते, रानाची माहिती असते, वाडवडिलांच्या बंदुकीचा अभिमान असतो आणि मारणेही असते. तुमच्या माणसाला यांपैकी कशाची ओढ आहे हे कळल्याशिवाय ‘सोडून दे’ असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण काय सोडायचे हे त्यालाही ठाऊक नसते.

नेमाची ओढ असेल तर नेमबाजी हा खेळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि त्यासाठी त्याला एकही जीव घ्यावा लागला नाही. बंदुकीचे कौतुक असेल तर अक्कलकोटच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह पाहायला एक अख्खी दुपार पुरत नाही. मित्रांच्या रात्रीची ओढ असेल तर मार्गशीर्ष-पौषात कोणाच्याही शेतावर शेकोटी पेटवून हुरडा भाजावा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही असावे. अशा रात्री मी पाहिल्या आहेत, आणि पहाटेपर्यंत कोणालाही बंदुकीची आठवण झालेली नाही.

रानाच्या माहितीची ओढ असलेल्या माणसाविषयी मला मनापासून आशा वाटते. मागावरून ससा कुठे बसला असेल हे सांगणारा, आवाजावरून तितर ओळखणारा माणूस अर्ध्या वाटेवर आधीच आलेला असतो. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्यांना कुतूहल वाटले, ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे सारे आयुष्य पालटले. मेलेल्या पाखराकडे पाहून ज्याला ‘हे काय आहे?’ असे विचारावेसे वाटते, त्याच्याशी बोलता येते.

हे ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारा: ज्या रात्री काहीच मिळाले नाही, ती रात्र कशी होती? माझ्या मावसबहिणीने हा प्रश्न तिच्या मित्राला विचारला, तेव्हा तो अर्धा तास बोलत राहिला. बांधाच्या बिळाबाहेर खोकडाची पिल्ले खेळत होती, ती बघत ते तासभर बसले, थंडीने दात वाजत होते, वगैरे. मीही माझ्या मित्राला तेच विचारले. तो म्हणाला, “वाया गेली.” मी आणखी खोदून विचारले, त्यावरही “काय सांगायचे, पेट्रोल गेले,” एवढेच उत्तर आले. त्याला रान नको होते, मित्रांची सोबतही फारशी नको होती. त्याला तो शेवटचा क्षण हवा होता. ज्याला फक्त मारणे आवडते, त्याच्यासाठी माझ्यापाशी कोणताही उपाय नाही, आणि कोणी आहे असे सांगितले तर त्यावर विसंबू नका.

आशा असेल तर त्याला दिवसा माळावर न्या

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. अभयारण्यात जायचे तर वनविभागाची परवानगी घ्या. नाहीतर रस्त्यालगतच्या शेतांच्या बांधांवरूनही हिवाळ्यातल्या सकाळी काळविटांचे कळप दिसतात. काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा नर मान ताठ करून चालतो आणि पिवळसर माद्या त्याच्याकडे लक्ष न देता चरत राहतात. उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, तेही दाखवा. मात्र तुम्ही मार्गदर्शक होऊ नका, त्याला होऊ द्या. तुमच्यापेक्षा त्याला रान जास्त कळते आणि ते कळणे पहिल्यांदाच जनावराच्या बाजूने वापरले जात असते.

माझी मावसबहीण अशीच आपल्या त्या मित्राबरोबर एका सकाळी गेली होती. चालता चालता पायाजवळच्या गवतातून ससा उसळला आणि बघता बघता दिसेनासा झाला. त्याचा हात सवयीने खांद्याकडे गेला, पण खांद्यावर काही नव्हते. मग तो खाली बसला. ससा जिथे बसला होता तिथे गवत दबून बशीएवढी खोलगट जागा तयार झाली होती. त्याने तिचा हात धरून त्या जागेवर ठेवला आणि म्हणाला, “बघ, अजून ऊब आहे.” इतकी वर्षे ससे मारूनही त्या जागेला त्याने स्वतः कधी हात लावला नव्हता. तो त्या दिवसापासून बदलला असे म्हणणार नाही, त्यानंतरही दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याने येऊन सांगितले. तिसऱ्यांदा मित्र बोलवायला आले तेव्हा तो गेला नाही.

त्याने खरेच सोडले आहे का, हे शब्दांवरून ठरवू नका, सामानाकडे पाहा. छऱ्याची बंदूक कोणाला दिली, वाघर कुठे गेली, डोक्याला लावायची बॅटरी चार्ज करून ठेवलेली असते का? माझ्या मित्राने शपथेवर सांगितले होते की आता बंद. तीन आठवड्यांनी मी त्याच्या गाडीच्या डिकीत पावसाचा कोट शोधत होते, तेव्हा हाताला ती बॅटरी लागली, आणि बटण दाबताच पांढरा झोत माझ्या डोळ्यांवर पडला. क्षणभर मला काहीच दिसेना. मी तिथेच उभी राहिले.

आणि कुत्रे असेल तर त्याचे काय, हा प्रश्नही येतो. कारवानी कुत्रा धावण्यासाठीच जन्मलेला असतो. शिकार सुटली म्हणून त्याला साखळीला बांधून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि असे कुत्रे बिथरते. रोज पहाटे लांब दोरीवर, स्वतःच्या कुंपण असलेल्या रानात त्याला पळवावे. बहिणीच्या घरी आता तीच व्यवस्था आहे आणि तो कुत्रा तिच्याच पायाशी झोपतो.

मर्यादा, तक्रार आणि निरोप

प्रयत्न चालू असताना काही मर्यादा पहिल्या दिवसापासून आखून घ्या. रानातले मांस माझ्या घरात येणार नाही आणि मी ते शिजवणार नाही. मी सोबत येणार नाही, गाडीही देणार नाही. फोटो मला पाठवायचे नाहीत. या अटी घालताना किती दिवस वाट पाहणार हेही स्वतःशी ठरवा. मी सहा महिने ठरवले होते.

तक्रार करावी का, हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे आणि त्याचे सोपे उत्तर मी देणार नाही. पण माझे मत लपवणेही बरे नाही. मांस विकले जात असेल, काळवीट किंवा मोर यांसारख्या प्राण्यावर हात टाकला जात असेल, किंवा टोळीने नियमित जाणे चालू असेल, तर ते तुमच्या नात्याच्या पलीकडे गेलेले आहे. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. प्रेमापोटी गप्प राहिलेल्या माणसाला पुढे त्या गप्प राहण्याचे ओझे एकट्यानेच वाहावे लागते.

हा विषय काढल्यावर त्याने आवाज चढवला, वस्तू फेकली, बंदुकीचा नुसता उल्लेख करून घाबरवले, तर पुढची चर्चा थांबवा. ज्याच्या हाताशी शस्त्र आहे त्याच्याशी शेवटचे बोलणे त्याच्या घरी किंवा शेतावर करू नका. चारचौघांत, दिवसा भेटा, एखाद्या मैत्रिणीला आधी कळवून ठेवा, आणि भीती वाटली तर ११२ वर फोन करा. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण आली असती तर काय करायचे हे मी ठरवून ठेवले होते.

निरोप घ्यायचा ठरला तर खरे कारण सांगा. ‘घरचे तयार नाहीत’ किंवा ‘पत्रिका जुळत नाही’ अशा आडोशामागे लपलात तर त्याला आपण काय गमावले आणि कशामुळे, हे कधीच कळणार नाही. कंबर तलावाच्या काठावर आम्ही शेवटचे भेटलो तेव्हा त्याने विचारले, “एका सशापायी?” मी “हो” म्हटले. त्यापुढे काही समजावत बसले नाही. घरी आईला आणि काकांना मात्र सगळे सांगितले, कारण दोन महिन्यांनी त्याच्याच घरून मध्यस्थ येणार होते, आणि ते आले तेव्हा काकांनी चहा देऊन, आवाज न चढवता, हेच कारण त्यांच्यासमोर ठेवले.